बारावं पाखरू

ताईचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात ती केस विंचरायची, दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावायची, खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायची, आणि वळून पाहीपर्यंत पडदा उजळलेला असायचा. तिची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती तिच्या धाकट्या भावाची.

धाकट्याला ती खटपट्या म्हणायची. दिवसभर तो ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचा आणि घरी आला की बूट काढायच्या आधी कॉम्प्युटरचं बटण दाबायचा. त्याच्या टेबलावर एक प्रिंटर होता, तो पाहुण्यांसमोर हमखास रुसायचा. कॉम्प्युटरची एक उघडी पेटी होती, तिच्यातला पंखा सर्दी झाल्यासारखा घरघरायचा. आज आवाज जातोय, उद्या माऊस हरवतोय, परवा सगळं ठीक आहे म्हणून यालाच चैन पडत नाही. विरंगुळा म्हणजे जुने, चौकटी-चौकटींचे खेळ, नाहीतर कासवाशी बुद्धिबळ. कासव म्हणजे दूर कुठेतरी राहणारा एक माणूस, इंटरनेटवर भेटलेला. दिवसाला एकच चाल. दोन वर्षांत दोघांनी एकमेकांचं खरं नाव विचारलं नव्हतं, पण कासवाचा डावा गुडघा कधी दुखतो ते धाकट्याला ठाऊक होतं.

ताईचं भरतकामाचं मशीन शेजारच्या खोलीत. अकरा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात मान मोडून काम केल्यावर गेल्या वर्षी तिने स्वतःचं काम सुरू केलं, आणि आता पहिलं मोठं काम आलं होतं. मुलांच्या दवाखान्यातले बारा पडदे, बारा खिडक्यांना बारा पाखरं. पाखरं तिने स्वतः कॉम्प्युटरवर काढली होती, टाक्याला टाका लावून. ते टाके वाचून मशीन कापडावर भरणार होतं. शनिवारी तिथल्या मोठ्या सिस्टर पडदे न्यायला येणार होत्या.

रविवारी ताई दोरे आणायला बाहेर पडली आणि धाकट्याचे हात शिवशिवले. चार मिनिटं म्हणजे काय, थट्टा आहे का? तिला चकित करू, असं म्हणून त्याने तिची कागदपत्रं, फोटो, अगदी तिने कधीच न ऐकलेली गाणीसुद्धा दोन-दोन ठिकाणी उतरवून ठेवली, डिस्क पुसली आणि नवी कोरी प्रणाली चढवली.

ताई आली. कॉम्प्युटर वीस सेकंदांत सुरू झाला. धाकटा दारात उभा, शाबासकीची वाट बघत.

"माझी पाखरं कुठायत?" ताईने विचारलं.

शहाण्या माणसाने फाइली जिथे ठेवायला हव्यात, तिथलं सगळं त्याने जपलं होतं. ताईची पाखरं मात्र भरतकामाच्या प्रोग्रॅमने आपल्याच पोटात, आपल्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. तिथे बघायचं त्याला सुचलंही नव्हतं.

ताई ओरडली नाही. ती रिळं लावत बसली. लावून झालेली पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

धाकट्याने कामावर रजा टाकली. पुसलेल्या डिस्कवरून फाइली शोधून काढणारा प्रोग्रॅम लावला आणि समोर बसला. पट्टी सरकायची, थांबायची, सत्त्याण्णव टक्क्यांवर येऊन दोन-दोन तास हलायची नाही. मध्येच सगळं बंद पडायचं की पुन्हा पहिल्यापासून. हे कळल्यावर कासवाने त्या दिवशी चाल पाठवली नाही. नुसतं लिहिलं, आधी तुझं घर सावर, माझा घोडा कुठे जात नाही.

मंगळवारी चिमणी आली. तिच्यामागून बगळा, मग दोन पोपट. एकेक करत बुधवारी दुपारपर्यंत अकरा पाखरं परतली आणि ताईचं मशीन खडखडू लागलं. बारावं उघडलं तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चोच होती, अर्धा पाय होता आणि बाकी नुसता दोऱ्यांचा गुंता.

"नेमकं हेच," ताई म्हणाली.

मान वळवून मागे बघणारं ते पाखरू दाराजवळच्या खाटेसाठी होतं. ते सिस्टरांनी मुद्दाम मागितलं होतं. त्या खाटेवरच्या मुलाला भेटायला आलेली माणसं निघताना पाठमोरी दिसतात, मागे वळून बघणारं निदान कोणीतरी तिथे असू दे, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या मानेचा बाक जमायला ताईला महिना लागला होता. हातात आता दोन दिवस होते.

धाकटा आपल्या खोलीत गेला. आता कशाला हात लावायचा नाही, असं ठरवून त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि कीबोर्डवर धूळ बसू नये म्हणून टाकायचं कापड उचललं, तसा त्याचा हात थबकला. कापडावर पाखरू होतं. मान वळवून मागे बघत होतं. मानेचा बाक जमल्यावर ताईने मागे कधीतरी पहिला नमुना भरून पाहिला होता आणि फुकट जायला नको म्हणून त्याचं हे झाकण शिवलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ तो ते काढत होता, घालत होता.

वरून टाके इतके दाट होते की दोरा कुठून कुठे गेला ते कळेना. त्याने झाकणाचं अस्तर उसवलं आणि कापड उलटं केलं. मागच्या बाजूला दोऱ्याची सगळी वाट उघडी होती. कुठे सुरू झाला, कुठून उडी मारली, कुठे गाठ पडली.

तो कापड घेऊन ताईकडे गेला. ताईने ते खिडकीशी धरलं आणि बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"तू सांग, मी टाके घालतो," तो म्हणाला.

"मध्ये काही सुधारायचं नाही."

"नाही सुधारत."

"शपथ?"

"कासवाची."

ती हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. मग कापडावर बोट ठेवून ती सांगू लागली, आणि सांगता सांगता तिच्या आवाजाला आपोआप लय चढली.

एक टाका वर गं, दुजा टाका आड,
तिजा टाका घेतो पाखराचे लाड.
चौथा टाका मानेचा, वळू दे हळू,
मागे कोण राहिलं, मला दे कळू.

धाकटा ठिपक्याला ठिपका जोडत गेला. गुरुवार गेला, शुक्रवारची दुपार झाली. इतकी वर्षं ती पलीकडच्या खोलीत काय करते हे त्याला माहीत होतं असं तो समजत होता. एका पंखात दोनशे निर्णय असतात हे त्याला आता कळत होतं.

शुक्रवारी दिवस कलताना मशीन शेवटच्या पडद्यावर चाललं. सुई थांबली. डोळ्याशी एक टाका जास्त पडला होता. त्यामुळे पाखरू आता कुणाला तरी ओळखल्यासारखं बघत होतं. धाकट्याने घाबरून ताईकडे पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली. "आधी ते नुसतं बघायचं."

शनिवारी सिस्टर आल्या. बारावा पडदा त्यांनी घडी न घालता हातावर तसाच नेला, आणि जाताना पुढच्या मजल्याच्या खिडक्या मोजायला ताईला सोमवारी बोलावून गेल्या.

धाकट्याने बाराही पाखरं तीन ठिकाणी उतरवून ठेवली. ती तीन ठिकाणं ताईला दाखवली, तिच्याकडून पाठ म्हणवून घेतली. ताई म्हणाली, ते सगळं ठीक, पण कुंडी सुकायला लागलीय, माझी चार मिनिटं मला परत दे. तेव्हापासून पाणी तो घालतो.

संध्याकाळी कासवाला चाल पाठवायला तो बसला, तर कीबोर्डवर झाकण पुन्हा आलं होतं. ताईने ते नीट शिवलं होतं. फक्त या वेळी पाखराची उलटी बाजू वर होती.