एकाच वर्गातल्या दोघी

मर्लीनने वेल्डिंगच्या हेल्मेटची काच खाली ओढली आणि रॉड लोखंडाला टेकवला. शेजारच्या टेबलाशी तिची मुलगी जोसी मुद्दाम पाठ करून उभी होती.

जोसीचं शाळेचं शेवटचं वर्ष. तिच्या हायस्कूलने नदीपलीकडच्या कम्युनिटी कॉलेजशी हातमिळवणी केली होती. मुलं दुपारी शाळेच्या पिवळ्या बसने कॉलेजात यायची, वेल्डिंग शिकायची. शाळा संपेपर्यंत पदरात कॉलेजचं प्रमाणपत्रही पडायचं. कागद गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या कामगारांनाही त्याच वर्गात जागा दिली होती. मर्लीन अशी तिथे आली.

“वर्गात तू मला ओळखायचं नाहीस,” जोसीने आधीच बजावून ठेवलं होतं.

“बरं.”

“आणि जेवलीस का, स्वेटर कुठाय, असलं काही विचारायचं नाही.”

“बरं.”

हल्ली मर्लीन सगळ्यालाच बरं म्हणायची. जानेवारीत नवरा, रोलंड, गेला. जमीन दगडासारखी गोठलेली. दफन बर्फ वितळल्यावरच होईल, असं दफनभूमीतल्या माणसाने सांगितलं, तेव्हाही ती बरंच म्हणाली होती. मे महिन्यात त्याला पुरलं. जूनमध्ये गिरणीला टाळं लागलं. दोन्ही वेळा ती घरी येऊन भांडी घासायला उभी राहिली.

“जोसी, तुझ्या आईचा जोड बघ, रेघ मारल्यासारखा,” टकर नावाचा मुलगा हसत म्हणाला. “आणि तुझा? कोंबडी नाचून गेल्यासारखा!”

“इथे माझी कोणी आई-बिई नाही. तू तुझं काम कर.”

हेल्मेट घातलं तरी ऐकू येतंच. मर्लीनने रॉड तसाच पुढे नेला.

जोसी पक्कड घ्यायला वळली आणि थबकली. मर्लीनच्या डाव्या हातमोज्याच्या तोंडातून धूर येत होता. ठिणगी आत गेली होती. बाहीची कड लाल होऊन जळत वर सरकत होती. मर्लीनचा हात मात्र जराही हलला नव्हता.

“अगं, हात!” जोसी ओरडली. “आई! आई, हात बघ!”

जोसीने आईचा हातमोजा ओढून फेकला, बाही चुरगाळून विझवली आणि तिला दंडाला धरून नळाखाली नेलं. मनगटावरची कातडी पांढरी पडून सुटली होती.

शिकवणारे गॅन्यन धावत आले. “बाई, एवढं भाजेपर्यंत कळलं नाही तुम्हाला?”

“जोड थोडाच राहिला होता,” मर्लीन म्हणाली.

गॅन्यननी तिच्याकडे पाहिलं, मग जोसीकडे. “दवाखान्यात घेऊन जा यांना.”

जोसीने पाण्याखालचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग ओला फडका गुंडाळला, आईच्या कोटाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली.

“बस सुटेल हं तुझी,” टकर हळूच म्हणाला. आता तो हसत नव्हता.

“सुटू दे.”

पिकअपमध्ये जोसी चालकाच्या जागी बसली. आईचा पट्टा तिनेच लावला. मर्लीन समोरच्या काचेतून कॉलेजची विटांची भिंत बघत होती.

“तुला खरंच काही कळलं नाही?”

“नाही.”

जोसीने किल्ली फिरवली. गाडी थरथरली. हीटरचा गार वारा आधी आला, मग कोमट झाला.

“जोसी.”

“काय गं?”

“आता दुखतंय.”

जोसीने तिच्याकडे पाहिलं. मर्लीनची हनुवटी हलत होती. गुंडाळलेला हात तिने छातीशी धरला होता.

“खूप?”

“खूप गं,” मर्लीन म्हणाली, आणि तिचा असा रडवेला आवाज जोसीने बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता.

जोसीने गाडी बंद केली आणि सरकून तिच्या जवळ बसली.