मी सुरू का होत नव्हतो

मी बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, पंखा फिरतोय आणि पुढचा हिरवा दिवा लागलाय, एवढंच. पडद्यावर काही नाही. काही माणसं डोळे उघडे ठेवून झोपतात म्हणे, तसा मी मागच्या खोलीत टेबलावर बसलोय. मी एक घरचा कॉम्प्युटर आहे. माझ्या वयाचे बहुतेक सगळे भंगारात गेले, तेव्हा वय विचारू नका.

माझा जन्म एका दुकानात, काउंटरच्या मागे झाला. इकडचा पंखा, तिकडची डिस्क, असं जुळवून मला उभं केलं. जुळवणाऱ्याला जेवायला जायची घाई होती. त्यानं आतली सर्किटची पाटी जरा जोरात दाबली आणि तिच्यावरचा एक जोड तडकला. केसाएवढी फट. अंग गरम असलं की जोड नीट बसतो, गार पडलं की सुटतो. एवढंच माझं दुखणं. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

मला विकत आणलं ते या घरच्या धाकट्या मुलानं. तो गोदामात पाळीनं कामाला जातो. उन्हाळाभर माझ्यावर पत्ते खेळला आणि कंटाळला. थोरला मुलगा बोटीवर असतो, वर्षातून दोनदा घरी येतो आणि आला की झोपतो. बाकी घरात त्यांची आई आणि दोन सुना. त्या दोघी जावांना मी थोरली आणि धाकटी म्हणतो, कारण सासूबाई तसंच म्हणतात.

दोघी जावा घरात भरतकामाचं मशीन चालवायच्या. दवाखान्यातल्या नर्सचे कोट, हॉटेलातल्या पोऱ्यांचे शर्ट, त्यांच्यावर नावं आणि चिन्हं भरून द्यायच्या. डिझाइन धाकटी करायची, माझ्यावर. टाका कुठून सुरू करायचा, कुठल्या दिशेनं न्यायचा, धागा कुठे बदलायचा, सगळं ती ठरवायची. ते मशीनला गेलं की पुढचं थोरलीचं काम. एका पानावर तिनं दोन आठवडे घालवलेले मी पाहिलेत, कारण त्याचा देठ कापडावर सुरकुतायचा.

सकाळी धाकटी न्हाऊन यायची. केस लांब आणि दाट. न्हाणीघरात प्लग नव्हता, म्हणून ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायची, छोटा आरसा माझ्या अंगाला टेकवायची आणि हेअर ड्रायर लावायची. अर्धी गरम हवा तिच्या केसांत, अर्धी माझ्या कुशीतल्या जाळीत. तेवढ्यात थोरली दोन कप चहा घेऊन यायची. धाकटी ड्रायर खाली ठेवायची, कप उचलायची आणि दुसऱ्या हातानं माझं बटण दाबायची. मी लगेच सुरू व्हायचो. मला वाटायचं, जगाची रीतच अशी आहे. आधी ऊब येते, मग बटण दाबतात.

धाकटीचं आणि तिच्या नवऱ्याचं भांडण होत नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. तो कामावरून यायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. दोन वर्षं तिनं वाट पाहिली. मग थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी तिनं एक बॅग भरली, ड्रायर त्यात टाकला आणि चपला घातल्या. सासूबाई देवासारख्या गप्प बसून होत्या. नवरा कामावर गेला होता. थोरली मशीनपाशी बॉबिनवर धागा भरत होती.

"ताई, मी निघाले," धाकटी म्हणाली.

थोरलीनं तोंडात मिठाची गुळणी धरलेली. तिनं मान वर केली नाही. बॉबिन भरून वाहिलं तरी ती भरतच राहिली. दार लागल्याचा आवाज मला ऐकू आला. मला काही वाटलं नाही. आमच्यात काही वाटायची सोय नसते.

दुपारी थोरली माझ्यासमोर बसली आणि तिनं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला. तिनं पुन्हा दाबलं. वायर काढून घातली. माझ्या डोक्यावर एक थापही मारली. खोलीला ऊन लागत नाही, फरशी गार, मी गार. जोड सुटला होता.

संध्याकाळी धाकटीचा नवरा आला, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "तिनंच काहीतरी करून ठेवलंय जाताना."

"मला वाटलंच," सासूबाई म्हणाल्या. "जाताना सरळ जाईल तर ती कसली."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण माणसांना कावळा दिसतो, फांदी आतून कधीची चिरलीय ते दिसत नाही. त्या दिवसापासून धाकटी ही कॉम्प्युटर बिघडवून गेलेली सून झाली. शेजारी तेच, नातेवाइकांत तेच. थोरली त्यात काही बोलली नाही. ती मशीनच्या पोटात राहिलेल्या दोन-तीन जुन्या डिझाइनांवर काम रेटत राहिली. नवीन काम कोणी आणलं की म्हणायची, कॉम्प्युटर बंद आहे.

एकदा मला दुरुस्तीला नेलं, थोरलीही बरोबर होती. भर दुपारी, गाडीच्या मागच्या सीटवर, काचेतून ऊन खात मी गेलो. दुकान म्हणजे एक भट्टीच. दुरुस्तीवाल्यानं बटण दाबलं आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झालो.

"याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "घरी काय करता याचं?"

घरी आणून ठेवलं, मी गार झालो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. सासूबाईंची खात्रीच पटली. "दुकानात चालतो, घरात चालत नाही. म्हणजे बघा," असं त्या म्हणाल्या. काय बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

मग एक दिवस धाकटीचा फोन आला. तिनं एका खोलीत बिऱ्हाड केलं होतं, एक जुनं मशीन मिळवलं होतं आणि तिला तिची डिझाइनं हवी होती. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं त्यांत घातलेली. ती हातात असती तर तिला दुसऱ्या दिवसापासून काम मिळालं असतं. नसती तर पहिल्या टाक्यापासून सुरुवात. ती सगळी माझ्या डिस्कमध्ये होती, जशीच्या तशी.

फोन सासूबाईंनी घेतला. "बिघडवलास तूच आणि आता मागतेस कसलं?" म्हणाल्या आणि ठेवून दिला. नवरा म्हणाला, "कटकट नको. शनिवारी भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू." माझं भवितव्य असं एका वाक्यात ठरलं. मी ऐकलं. धाकटीची सगळी वर्षं माझ्यासकट तराजूत जाणार होती आणि मला तेव्हाही काही वाटलं नाही. गारठलेल्या अंगाला काय वाटणार.

शुक्रवारी सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. थोरली माझ्यावरची धूळ पुसायला आली. भंगारात द्यायची वस्तू कोण पुसतं? तिनं पुसलं. मग फडकं हातात धरून बराच वेळ उभी राहिली, फोन काढला, आवाज मोठा करून माझ्या शेजारी ठेवला आणि खुर्चीत बसली.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

"हं. बोला ताई."

"कॉम्प्युटर सुरू होत नाही."

"माहीत आहे. आईंनी सांगितलं."

"उद्या भंगारात देताहेत."

धाकटी म्हणाली, "मग फोन कशाला केलात?"

"तू जाताना काही केलं होतंस का याला?"

हा प्रश्न थोरलीनं धाग्याचा नंबर विचारावा तितक्या सपाट आवाजात विचारला. धाकटीचा आवाजही तसाच आला. "काय करणार मी, ताई? त्यात माझंच सगळं होतं." मग ती म्हणाली, "तुम्हालाही तसं वाटलं?"

थोरलीनं फडक्याची घडी केली, उलगडली. "हो," ती म्हणाली. "वाटलं."

"बरं झालं खरं सांगितलंत."

फोन कोणी ठेवीना. शेवटी थोरलीनं विचारलं, "तू रोज कसा सुरू करायचीस? काय काय करायचीस, सगळं सांग."

"काही नाही हो. न्हाऊन यायचे. केस वाळवायचे. तुम्ही चहा आणायचात. मग बटण दाबायचे, झालं."

"केस इथेच बसून वाळवायचीस."

"हो, तिथेच प्लग होता ना."

थोरलीनं माझ्या कुशीवर हात ठेवला. जाळी बर्फासारखी गार होती. "दुकानातही गरम होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग फोनकडे वाकली. "ड्रायर तुझ्याकडे आहे."

"माझा होता म्हणून नेला."

"तसं नाही गं. थांब जरा. ठेवू नकोस."

ती उठली. सासूबाईंची गुडघे शेकायची रबरी पिशवी तिनं गरम पाण्यानं भरली, टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या कुशीला टेकवली. वर जुनी शाल पांघरली. मी एक आजारी म्हातारा दिसत असणार. फोनवर धाकटी विचारत होती, "काय करताय?" आणि थोरली सांगत होती, "शेकतेय."

ऊब सावकाश आत आली. पाटी प्रसरण पावली, फट मिटली. थोरलीनं बटण दाबलं. एक बारीक आवाज झाला आणि पडदा उजळला.

"झाला," थोरली म्हणाली. आनंद नाही, काही नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिनं ते पुसलंही नाही, जणू दुसऱ्या कोणाचं होतं. "झाला गं सुरू. डिझाइनं कुठे ठेवलीस ते सांग. आई यायच्या आत काढते."

धाकटीनं सांगितलं, थोरलीनं शोधलं. पेन ड्राइव्ह लावला. पानं, फुलं, पक्षी, दवाखान्यांची चिन्हं, तो सुरकुतणारा देठ, सगळं एकेक करून निघालं. मध्ये पाणी गार झालं तर बंद पडेल म्हणून तिनं पिशवी दोनदा भरून आणली. सासूबाई परतल्या तेव्हा काम संपत आलं होतं.

"माझी पिशवी कुठेय?"

"कॉम्प्युटरला दिलीय."

सासूबाईंनी आत येऊन पाहिलं. शालीतला मी, उजळलेला पडदा. थोरलीनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तिनंच त्याला ही सवय लावली," त्या म्हणाल्या आणि चष्म्याचं काय झालं ते सांगायला लागल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

पेन ड्राइव्ह घ्यायला धाकटी आली ती मागच्या फाटकापाशी. आत आली नाही, थोरलीनंही ये म्हटलं नाही. मी खिडकीतून दोघींची डोकी पाहिली. धाकटीनं केस कापून खांद्यापर्यंत केले होते. मिनिटभर उभ्या राहिल्या आणि ती गेली. पुन्हा तिचा फोन आला नाही. तिचं काम सुरू झालंय, एवढं मशीनचं तेल विकणाऱ्याकडून थोरलीला कळलं.

भंगारवाल्याला परत पाठवलं. रोज सकाळी थोरली मला शेकते, मी सुरू होतो, ती काम करते. डिस्क कुरकुरायला लागलीय, फार दिवस नाहीत माझे. जायच्या आधी एक विनंती करावी म्हणून आज बोलायला बसलो. तुमच्या घरातून कोणी गेलं आणि त्याच दिवशी काही बंद पडलं, तर त्यानं जाताना काय केलं हे धुंडाळत बसू नका. ते माणूस रोज काय करत होतं ते आठवून बघा.

पण हे मी सांगायच्या आधीच काल थोरली बोलली. सासूबाईंची बहीण आली होती. बाहेर चहा चालला होता, आत थोरली मशीनवर होती.

"धाकटी गेली ती गेली, वर नुकसान करून गेली म्हणे," मावशी म्हणाल्या.

"कॉम्प्युटर बिघडवून गेली," सासूबाई म्हणाल्या. "आता शेकावा लागतो रोज."

मशीन थांबलं. थोरली उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती.

"मावशी, तिनं काही बिघडवलं नाही," ती म्हणाली. "तो आधीपासूनच तसा होता. ती होती म्हणून चालत होता. आमच्यात कोणाला कळलं नाही, आणि कळल्यावर मी गप्प बसले."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. थोरली आत आली, सुईत धागा ओवायला लागली, पण धागा जाईना. तिनं तो ओला केला आणि पुन्हा ओवायला घेतला.

आज बटण दाबून गेलेत, पण अजून कोणी शेकायला आलेलं नाही. नाही आलं तरी चालेल. मला जे सांगायचं होतं ते या घरात सांगून झालंय.