खालच्या घराचं छत

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला, तेव्हा प्लंबरला कळलं. बायकोला त्याच्याआधीच कळलं होतं. त्या दुपारी दोघं घर बघायला जाणार होते; आयुष्यातलं पहिलं. दवाखान्याच्या जिन्यात ती म्हणाली, "एजंटाला नाही म्हणून कळवा. आणि पुढे कधी घर घ्याल, तेव्हा आधी खालच्या घराचं छत बघा."

"हे काय आत्ता?"

"अहो, वरून मी बघेनच. खालून तुम्ही बघा."

असल्या वेळी असली थट्टा करणारी बाई. चार महिन्यांत गेली.

वर्षभराने लेक-जावई पहिलं घर घ्यायला निघाले आणि सल्ल्यांना ऊत आला. सगळ्यांत पुढे मेव्हणा. जन्म भाड्याच्या खोलीत गेला, पण घर कसं घ्यावं ते त्याच्याकडून ऐकावं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

तिसऱ्या मजल्यावरचं घर सगळ्यांना पसंत पडलं. मेव्हण्याने भिंतीवर टिचक्या मारून "दणकट आहे" असा निकाल दिला.

"सही आजच करा," एजंट म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक खाली उभं आहे."

जावयाने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

"बघून येतो कोण उभंय ते," म्हणत प्लंबर खाली उतरला. खाली चिटपाखरू नव्हतं. वर येताना त्याने दुसऱ्या मजल्यावरची बेल दाबली. एका आजींनी दार उघडलं.

"आजी, जरा तुमचं छत बघू का?"

"बघा की! चपला राहू द्या, ओलं आहे. वरचं घर बघायला तीन कुटुंबं येऊन गेली, खाली तुम्हीच पहिले."

न्हाणीघराचं छत फुगलं होतं, पोपडे लोंबत होते. दाराशी छत्री टांगलेली होती.

"आंघोळीला जाताना लागते," आजी म्हणाल्या.

प्लंबरने छताला हात लावून पाहिला. वरची अख्खी फरशी उखडल्याशिवाय हे थांबणार नव्हतं. वर येऊन त्याने तसं स्पष्ट सांगितलं.

एजंट हसला. "काका, पाणी खालीच जाणार ना! गळतं त्यांच्याकडे. तुम्हाला कसला त्रास?"

"तेही खरंच," मेव्हणा म्हणाला. "आपण कोरडेच."

"मामा, तू तर आहेसच," लेक म्हणाली. मग एजंटाकडे वळली. "आणि आमच्या वर कोण राहतं?"

एजंटाने मान वर केली. बाकीच्यांनीही केली. सगळ्या घरात छत तेवढं नुकतंच रंगवलेलं होतं.

जावयाने टोपण परत लावलं.

लेकीला अजून घर मिळालेलं नाही. आजींना प्लंबरने काम करून देण्याचा शब्द दिलाय, तेही राहिलंय. वरच्या घराची किल्ली एजंटाकडे आहे आणि तो फोन उचलत नाही.