कानसेनची भारी वायर

ते साल २००५. टीव्हीच्या आजूबाजूला पाच छोटे स्पीकर आणि खाली एक ठोकळा मांडून घराचं थिएटर करायची तेव्हा टूम निघाली होती. कारखान्यात ज्याला सगळे कानसेन म्हणत, त्यानेही असला एक स्वस्तातला सेट आणला आणि त्याच्या बायकोच्या जिवाची घालमेल सुरू झाली.

कानसेनचं काम जगावेगळं. त्या कारखान्यात लोखंड घासायची दगडी चाकं बनत. एकेक चाक टांगून तो लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचा. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत तडा. तडकलेलं चाक यंत्रावर भरवेगात फिरलं, की फुटून समोरच्या माणसाच्या छातीत घुसायचं. इतक्या वर्षांत त्याचा कान चुकला नव्हता.

सेट आणल्यापासून मात्र त्याचं एकच पालुपद. "आवाज रजईत गुंडाळल्यासारखा येतोय. वायरच भिकार दिलीय." मग बायकोच्या धाकट्या भावाच्या दुकानातून सोनेरी टोकांची, वेणी घातलेली वायर आली. मग तिच्याहून भारी. सुट्टी आली की हा कपाटामागे पालथा.

"अहो, जेवायला या."

"थांब गं, आता बघ आवाज कसा मोकळा होतो."

मोकळा व्हायचा, कारण दर वेळी तो आवाजाचं बटण चढवायचा. तिला तर पहिल्या दिवसापासून सगळं लख्ख ऐकू येत होतं.

शेवटी ती दुकानात गेली. भाऊ कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता.

"काय रे, माझ्या नवऱ्याच्या गळ्यात काय काय मारतोयस?"

"ताई, हात जोडून सांगितलं मी भाऊजींना. सेट साधा, खोली एवढीशी. साधी तांब्याची वायर घट्ट बसवली की झालं, भारी वायरीने तसूभर फरक पडायचा नाही. तर मलाच म्हणतात, तुला ऐकायची अक्कल नाही. कानसेनपुढे आम्ही काय बोलणार!" तो हसला.

तिला हसू आलं नाही. "मग त्यांनाच का कमी ऐकू येतं?"

भावाने हातातला रेडिओ खाली ठेवला.

तेव्हापासून तिला चैन पडेना. भाजी निवडता निवडता उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. उद्या हा माणूस चाक ठोकणार, पास म्हणणार आणि त्या चाकापुढे कुणाचा तरी नवरा उभा राहणार. सांगावं, तर कान गेला म्हणजे याचं काम गेलं, मान गेला. सांगू नये, तर?

सुट्टीच्या दुपारी सिनेमा लावला होता. मुलगी म्हणाली, "काय किर्रर्र लावलीय या रातकिड्यांनी!"

"कुठले रातकिडे?" बाप म्हणाला. "काहीतरीच तुझं. नाहीतर वायर बदलायला हवी."

"वायर पुरे आता," म्हणत बायको उठली. आतून चिनी मातीचे दोन कप आणले. एकाला केसासारखा तडा होता. "पाठ करून बसा."

"हा काय पोरखेळ?"

"बसा म्हणते ना. तुमचंच काम आहे."

तिने चमच्याने एक कप वाजवला, मग दुसरा. दुसरा इतका बद्द वाजला की मुलीने तोंड वाकडं केलं.

"दोन्ही पास," तो ऐटीत म्हणाला.

तो वळला. तडकलेला कप उचलून त्याने स्वतः वाजवला. पुन्हा वाजवला. कानाशी नेऊन वाजवला.

"तो टीव्ही बंद कर," तो मुलीवर खेकसला. मग बायकोला म्हणाला, "कुठलं वैर साधलंस?"

"वैर असतं तर आणखी एक वायर आणून दिली असती."

दुसऱ्या दिवशी तो न सांगताच लवकर निघून गेला. ती दिवसभर येरझाऱ्या घालत राहिली. संध्याकाळी येऊन चपला न काढताच तो म्हणाला, "गोदामातली सगळी चाकं दुसऱ्याकडून ठोकवून घेतली."

"मग?"

"काही बद्द निघाली."

"आणि बाहेर गेलेली?"

"साहेब फोन लावताहेत."

बरीचशी चाकं परत आली. उरलेल्यांचं काय झालं ते कळलं नाही.

कानसेनला चाकं खोक्यांत भरायच्या, बांधणीच्या खात्यात टाकलं. तिथूनच तो निवृत्त झाला. शेवटी शेवटी कानाला यंत्र लावायचा आणि भांड्यांच्या आवाजाने वैतागायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला. भावाने दुकान मोडून मोबाइल दुरुस्ती सुरू केली, त्यात त्याचं बरं चाललंय. मुलगी दूरदेशी असते आणि सवयीने अजून फोनवर ओरडून बोलते. बायकोला आता वाचताना भिंग लागतं. पण पेपरात कुठल्याही कारखान्यातल्या अपघाताची बातमी आली, की ती भिंग घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.