बटणाएवढं नाक

मी बटण बोलतेय. शर्टाचं नव्हे, मी कुत्री आहे. बोलताना मध्येच थांबले तर रागावू नका. जन्मले तेव्हा माझ्या नाकपुड्या म्हणजे नखाने ओढलेल्या दोन रेघा होत्या. अजूनही एक वाक्य संपलं की पुढच्यासाठी मला श्वास गोळा करावा लागतो.

माझा जन्म दवाखान्यातल्या टेबलावर झाला. आमच्या जातीत पिल्लांची डोकी मोठी आणि आयांच्या कंबरा अरुंद, त्यामुळे पोट फाडूनच आम्हाला बाहेर काढतात. आई शुद्धीवर आली तेव्हा आम्ही तिला लुचत होतो. ‘ही कुणाची पोरं माझ्या गळ्यात घातली?’ अशा नजरेने तिने आमच्याकडे पाहिलं म्हणे.

आमचा पहिला मालक कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकायचा. माणूस वाईट नव्हता. थंडीत आमच्या खोक्यावर दिवा लावून ठेवायचा. माझे आईबाप एकाच बापाची लेकरं, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचा. “बाहेरचं रक्त शिरू दिलं नाही, म्हणून तर तोंड असं ताटासारखं सपाट! जितकं सपाट तितकी मागणी.” ज्या पिल्लाचं नाक जरा पुढे आलेलं असे, त्याला तो मागच्या पिंजऱ्यात ठेवी. मी पुढच्या पिंजऱ्यात होते.

तिथून मला उचललं ते बाबांनी. बाबांचं चष्म्याचं दुकान. त्यांची बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची, तिला सगळे बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची ताई. तिच्याही डोळ्यांवर बाबांसारखाच जाड चष्मा. मला पाहताच ती म्हणाली, “हे नाक कुठलं, बटण शिवलंय कुणीतरी!” झालं, बारसं उरकलं.

माणसं मोठी प्रेमळ असतात, पण त्यांना काय आवडेल याचा नेम नाही. मी झोपले की घोरायचे. घोरणं कसलं, घशात अडकलेल्या हवेला वाट करून द्यायची माझी धडपड. पण बाबा पाहुण्यांना हाका मारून आणत. “ऐका, ऐका! अगदी माझ्या सासऱ्यांसारखी घोरते!” सगळे पोट धरून हसायचे. त्यांच्या हसण्याने मला जाग यायची आणि मी शेपटी हलवायचे. दुसरं काय करणार? ती माझी माणसं होती.

संध्याकाळी पुढच्या खोलीत बाईंची शिकवणी चाले. माझी जागा त्यांच्या टेबलाखाली, गार फरशीवर. तिथे पडल्या पडल्या मी परिसंस्था ऐकली, अन्नसाखळी ऐकली, जनुकं ऐकली. पिल्लाला अर्धी जनुकं आईकडून मिळतात, अर्धी बापाकडून. एकीकडून एखादं बिघडलेलं आलं, तर दुसरीकडचं चांगलं जनुक बहुतेकदा सांभाळून घेतं. पण आईबाप जवळच्या नात्यातले असले, तर दोघांकडून तेच बिघडलेलं हाती पडायची भीती वाढते. हे ऐकताना मला मालकाची ती फुगलेली छाती आठवली.

एकदा बाई उत्क्रांती शिकवत होत्या. “निसर्ग निवडतो तेव्हा जो तगतो तो उरतो. माणूस निवडतो तेव्हा जो त्याला आवडतो तो उरतो. लांडग्याचा कुत्रा झाला आणि पुढे त्याच्या इतक्या जाती झाल्या, त्या या निवडीतून.”

पुढच्या बाकावरची एक मुलगी वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, “बाई, मग बटणला असं कुणी निवडलं?”

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या, आणि हसता हसताच थांबल्या. “आम्ही,” त्या म्हणाल्या. मग हातावरचा खडू पुसत हळूच म्हणाल्या, “म्हणजे मीही.” त्या दिवशी शिकवणी लवकर सुटली.

त्याच उन्हाळ्यात वीज गेली आणि आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. बाबा मला बाहेरून आणत होते. दुपार होती. जिने चढताना माझ्या घशातून करवतीसारखा आवाज येऊ लागला. तुम्हाला घाम येतो आणि अंग निवतं. आम्हाला धाप टाकूनच निवावं लागतं, आणि माझ्या घशात धाप टाकायलाही जागा नाही. जिन्याच्या वळणावर माझे पाय गेले. जीभ निळी पडली. बाबांनी मला शर्टात गुंडाळलं आणि “अगं ए, पाणी आण! पाणी!” असं ओरडत ते पळत सुटले, खाली की वर, तेही त्यांना कळत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड उघडून बॅटरीने आत पाहिलं. “बाहेरून चेहरा आखूड केलात तुम्ही लोकांनी,” त्या म्हणाल्या, “पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळू घशात लोंबतोय. ही आजवर काडीतून हवा ओढत होती.”

बाबा भिंतीला टेकून उभे होते. “आम्हाला वाटायचं, मजेत घोरते.”

माझं ऑपरेशन झालं. नाकपुड्या थोड्या मोठ्या केल्या, टाळू कापला. आणि मग जे झालं ते कसं सांगू! बाईंच्या हाताला खडूचा वास असतो, हे मला तेव्हा कळलं. बाबांच्या बाहीला काच घासायच्या पाण्याचा. जिन्यात शेजारच्या मांजराचा, ओल्या पायपुसण्याचा, कुणाच्या तरी नव्या चपलेचा. इतकी वर्षं मी या घरात राहत होते आणि घर मला आता भेटत होतं. त्या आठवड्यात मी शिंकून शिंकून सगळ्यांना हैराण केलं.

पुढे ताई शिकायला दुसऱ्या गावी गेली. घर ओकंबोकं झालं. बाबा दुकानातून आले की उगाच तिच्या खोलीचा दिवा लावून यायचे. एके दिवशी म्हणाले, “बटणला एकदा पिल्लं होऊ देऊ या. आता ती छान श्वास घेते. पिल्लंही घेतील.”

“अहो, ऑपरेशन नाकावर झालंय,” बाई म्हणाल्या. “जनुकं होती तशीच आहेत.”

“मग पिल्लांचंही ऑपरेशन करू. पोरीला चष्मा लागला तेव्हा आपण काय केलं? दिला चष्मा. दिसतंय ना तिला?”

“तिला चष्मा लागणार हे आपल्याला आधी ठाऊक नव्हतं. हे ठाऊक आहे.”

बाबा चष्मा काढून पुसू लागले. बाईंना वाटलं, पटलं. पण परीक्षेच्या कामासाठी बाई परगावी गेल्या, आणि बाबांनी मला गाडीत घातलं. ज्या घरी नेलं तिथला कुत्रा माझ्याच जातीचा. आम्ही एकमेकांभोवती एक फेरी मारली, तेवढ्यात त्याला धाप लागली. तो आडवा झाला, मग मीही आडवी झाले. शेवटी दवाखान्यात नळीने त्याचं बीज माझ्या पोटात सोडूनच काम उरकलं. मला कुणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतही नाही.

बाई परत आल्या. त्यांना कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या माझ्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांच्या हाताला त्या दिवशी रडण्याचा वास होता. वास यायला लागल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

माझंही पोट फाडूनच पिल्लं काढली. एकाने श्वास घेतलाच नाही. उरलेल्या तिघी माझ्या कुशीत आल्या आणि मी एकेकीचं तोंड चाटून पाहिलं. माझी जीभ नाक शोधत होती. नाक कुठेच नव्हतं. होत्या त्या दोन दोन रेघा. माझ्या अंगावर टाके होते, उघडलेलं नाक होतं, पण त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पोचलं ते माझ्या जन्माच्याही आधीचं, त्या पुढच्या पिंजऱ्यातलं.

बाबा तासन् तास त्यांच्याजवळ पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. सगळ्या ठेवून घ्यायची त्यांची इच्छा होती, पण दोघी त्यांनी आधीच दुसऱ्यांना कबूल केल्या होत्या. एक बाबांच्या बहिणीकडे गेली, एक दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकाकडे. धाकटी घरीच राहिली. तिचंही ऑपरेशन झालं. बहिणीकडची उन्हाळा काढू शकली नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. बाबा फोन ठेवून ताईच्या खोलीत गेले आणि तिथला दिवा न लावता बसून राहिले, त्यावरून कळलं.

परवा बाईंनी त्या गिऱ्हाइकाला फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“मजेत आहे हो तुमची लेक!” तो माणूस म्हणाला. “आता तिला जोडीदार बघतोय. तिच्याहून सपाट चेहऱ्याचा मिळालाय. पिल्लं कसली गोड होतील!”

“असं करू नका,” बाई म्हणाल्या. “आधी तिचा श्वास तपासून घ्या. मी तुम्हाला समजावून सांगते. मी स्वतः येते.”

“अहो बाई, तुम्ही काढलीत तेव्हा चाललं!”

त्याच्या आवाजामागून मला फोनमधून माझ्या लेकीचा श्वास ऐकू आला. काडीतून हवा ओढल्यासारखा. मी उठून फोनजवळ गेले, नाक लावलं. प्लास्टिकच्या वासाशिवाय काही नव्हतं. मी भुंकले. तिकडे तो माणूस हसला. “आई ओळखते वाटतं!” म्हणाला, आणि फोन ठेवला.

बाबांनी लगेच गाडीची किल्ली घेतली. दोघं त्याच्या घरी जाऊन आले. जाताना जसे गेले तसेच परतले, रिकाम्या हातांनी. बाबा माझ्यासमोर बसले आणि त्यांनी माझे कान दोन्ही हातांत धरले.

मला एवढंच म्हणायचंय. तुम्ही आम्हाला निवडता, आम्ही तुम्हाला निवडू शकत नाही. पुढच्या वेळी पिंजऱ्यासमोर उभे राहाल, तेव्हा चेहरा बघायच्या आधी क्षणभर कान द्या. श्वास ऐका.

आता थांबते. दमले.