अर्ध्यावर अडलेलं काडतूस

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. दचकू नका. माझं पोट रिकामं आहे आणि घरच्या थोरल्या मुलीने आत बोट घालून तशी खात्रीही करून घेतली आहे. आमच्या घरात मला हातात घेतलं की आधी हेच करतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आणि चापाभोवती एक लोखंडी दांडा, एवढंच माझं शरीर. मोठ्या नळीखाली एक बारीक नळी आहे. तिच्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात आणि एक स्प्रिंग त्यांना सतत ढकलत असते. दांडा खाली ओढला की एक छोटा पाळणा पुढचं काडतूस उचलून वर आणतो. दांडा परत वर घेतला की ते मोठ्या नळीत जाऊन बसतं.

माझे मालक मेंढपाळ होते. आम्ही दोघांनी डोंगरावरची कुरणं पायाखाली घातली. लांडगा दिसला की मालक शेजारच्या मातीच्या उतारात एक गोळी झाडायचे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच त्याची पाचावर धारण बसायची. पण दुसरी गोळी लगेच तयार असायची, आणि त्याचंच मालकांना कौतुक. ते आल्यागेल्याला माझ्या गोष्टी सांगायचे आणि मी भिंतीवर ऐकत फुगायचे.

पुढे मालकांची नजर अधू झाली. मी भिंतीवरच राहिले. कोणीतरी माझ्या नळीला टोपी अडकवली, मग कांद्याची जाळी आली. मित्रांनो, माझी चक्क खुंटी झाली. फार वाईट वाटायचं.

एक दिवस मालकांची मोठी मुलगी, जिला सगळे थोरलीच म्हणतात, म्हणाली, "यंदा कळप मी घेऊन जाते."

मालकांनी मला तिच्या हातात दिलं. "हळू हं. वय झालंय हिचं. जिवापाड जप."

थोरलीने ते अगदी मनावर घेतलं. घरामागच्या मातीच्या बांधावर तिने सराव केला. पहिली गोळी छान सुटली. दुसरं काडतूस मात्र अर्ध्यावर अडलं. धड आत जाईना, धड बाहेर येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोरलीची आई दारातून बघत होती. "लांडगा थांबणार आहे का तुझ्यासाठी? ही नीट चालल्याशिवाय तू एकटी वर जायचं नाहीस. त्यापेक्षा कळप विकून टाकू."

 कळपातली निम्मी कोकरं थोरलीने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. तिचा आणि माझा, दोघींचा जीव टांगणीला लागला.

मला रिकामी करून बापलेक जेवणाच्या टेबलाशी बसले. बारीक नळीतून गोंदासारखं घट्ट झालेलं तेल निघालं, लोकरीचं पुंजकं निघालं आणि कांद्याची सालंही निघाली. आईने तेवढ्यापुरतं दुसरीकडे पाहिलं. स्प्रिंग नवी घातली. काडतुसं जुन्या मापाशी ताडून पाहिली, ती बरोबर होती. मग मालकांनी पूर्वी सरावासाठी कोरलेली लाकडी काडतुसं माझ्यात भरली. थोरलीने दांडा ओढला आणि काडतूस पुन्हा अडलं.

"आता घोडं अडतंय तरी कुठे?" मालकांनी मला स्वतःकडे घेतलं. त्यांच्या हातात सगळी काडतुसं सुरळीत वर आली. थोरलीकडे दिल्यावर पुन्हा तेच.

मालकांनी डोळे मिटले. "परत कर." ते कानात प्राण आणून ऐकत राहिले. "दोनदा टक् व्हायला हवं. एकदा दांडा पार खाली गेल्यावर, एकदा वर बसल्यावर. मला पहिलं टक्च ऐकू आलं नाही. तू तो पुरता ओढतच नाहीस."

"तुम्हीच म्हणालात ना, हळू?"

 मालक म्हणाले, "म्हणालो खरा."

"आयुष्यात एकदा बापाचं ऐकलं, तेही नेमकं इथे," आई म्हणाली.

"मला वाटायचं, तुटेल बिचारी," थोरली म्हणाली.

"नाही तुटत. त्यासाठीच केलीय तिला."

अगदी माझ्या मनातलं बोलले. थोरलीने दांडा पार खाली ओढला. टक्. वर घेतला. टक्. एकामागून एक सगळी काडतुसं वर आली. आईने ती परत भरायला लावली, पुन्हा एकदा लावली, आणि मग उठून थोरलीची पिशवी भरायला घेतली.

निघताना मालक सवयीने म्हणाले, "हळू..." आणि थांबले. "पुरता ओढ, बाळ."

वर कुरणात एका सकाळी लांडगा आलाच. थोरलीने उतारात गोळी झाडली. तो दचकला, पण हलला नाही. तिने दांडा ओढला. टक्, टक्. तेवढ्यात तो वळून चालू लागला. दुसरी गोळी झाडावी लागली नाही, पण ती तयार आहे हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मित्रांनो, माझ्यासारखीला मोठ्या माणसांशिवाय हात लावू नका. पण घरातल्या इतर जुन्या वस्तू जरूर पुसा, त्यांना तेल द्या, आणि त्यांच्यावर कांदे तेवढे लटकवू नका. आम्ही मोडू म्हणून घाबरत घाबरत आम्हाला अर्धवट वापरू नका. अजून आमच्याकडून पुरतं काम होतं.