हाताला ठाऊक असलेली पेटी

मुलांनो, कल्पना करा. सकाळी उठलात आणि स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा दुसऱ्याच फळीवर गेलेला. आईचा हात सवयीने साखरेकडे गेला आणि चहात मीठ पडलं. चूक कुणाची? लगेच सांगू नका, आधी गोष्ट ऐका.

मानपाड्याच्या एका गाळ्यातल्या छापखान्यात दगडूआबांनी जन्मभर खिळे जुळवले. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. ते ओळीत लावायचे, शाई द्यायची, वर कागद दाबायचा. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, सगळं तसंच निघे. १९९० नंतर कॉम्प्युटर आले आणि छापखाना बंद पडला. मग सुधीर नावाच्या मास्तरांनी तिथे संग्रहालय करायचं ठरवलं, पण नुसतं बघायचं नाही, चालतं. येणाऱ्या मुलाचं नाव आबा त्याच्यासमोर जुळवून, छापून देणार. जुळवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आबांना जमलं नाही तर सगळे खिळे काचेआड जाणार होते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आबा डोळे दाखवायला ठाण्याला गेले. त्यांची नात नीला, चौथीतली, गाळा झाडायला आली. खिळ्यांच्या पेटीत तिला नुसता पसारा दिसला. ‘र’ मधोमध, ‘ख’ कोपऱ्यात, ‘क’ भलतीकडेच. दिवसभर बसून तिने सगळे कप्पे क, ख, ग, घ असे ओळीने लावले.

संध्याकाळी परतल्यावर आबांनी मास्तरांसमोर सरावाला नीलाचंच नाव घेतलं. पेटीकडे ते कधी बघत नसत, हात आपसूक जाई. छापलेला कागद मास्तरांनी दिव्याखाली धरला. त्यावर ‘ढखथ’ असं काहीतरी होतं. आबांनी हात पुसून पुन्हा जुळवलं. पुन्हा तसंच. नीलाला काही कळेना. आता तर पेटी इतकी नीट लागली होती, मग आबा का चुकतायत?

आबा स्टुलावर बसले. “मास्तर, हात विसरला. बसवा तुमच्या काचा.”

“पण आबा,” नीला म्हणाली, “मी सगळं पुस्तकातल्यासारखं लावलंय.”

आबांनी कप्प्यांत बोटं घालून पाहिलं. मग ते नीलाकडे वळले.

“घरी दप्तर आवरत नाहीस. इथं बरा उत्साह आला तुला.”

मास्तर म्हणाले, पूर्वी कोणतं अक्षर कुठे होतं ते सांगा, लावून टाकू. जास्त लागणारी अक्षरं हाताजवळ, एवढंच आबांना सांगता आलं. बाकीचं हाताला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. आता तेही गोंधळले आणि मास्तरही.

नीला उठली. एकेका अक्षराचे खिळे तिने जमिनीवर वर्तमानपत्रावर वेगवेगळे ओतले. रिकामी पेटी आबांपुढे सरकवली.

“आबा, डोळे मिटा ना. आता ‘र’ घ्या.”

आबांचा हात एका रिकाम्या कप्प्यावर जाऊन थांबला. नीलाने मूठभर ‘र’ उचलले आणि त्या कप्प्यात टाकले.